घटाआधीचं धुणं

बंगळूरात, राजाजीनगरच्या पार मागल्या अंगाला, जिथं घरांची रांग संपून लेथवाल्यांची शेडं सुरू होतात, तिथं बसवंत चौगुल्याचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं कडप्प्याची फरशी घातलेलं परसू. गल्लीत चौगुले हे आडनाव कुणाच्या जिभेवर धड बसलं नाही. पण बसवंतअण्णा म्हटलं की शाळेला निघालेली पोरंसुद्धा बोट करून घर दाखवायची. कुणाचा पंप धरला, कुणाच्या मिक्सरचं भांडं अडकलं, की ते अण्णाच्या ओट्यावर येऊन पडायचं. आणणाऱ्याला अण्णाची बायको शालन आतूनच बजावायची, "ठेवून जावा. खरं कवा मिळंल ते मला विचारायचं नाही हं."

कारण बसवंतचं काम चोख, पण बैलगाडीच्या चालीचं. हातात घेतलेला स्क्रू पुरता आवळल्याशिवाय तो पाणी प्यायलाही उठायचा नाही. निपाणीकडचा माणूस. बाप तंबाखूच्या वखारीत राबला, पोराला आयटीआय केलं, आणि पोरगं मिसरूड फुटायच्या वयात बंगळूरला येऊन सरकारी कारखान्यात फिटर म्हणून चिकटलं. मागनं लग्न होऊन शालन आली. दोघांची मराठी इथल्या पाण्यात मुरत मुरत अशी झाली की गावाकडं गेल्यावर भावकी तोंडात पदर धरून हसायची. शालन भाजीवाल्याशी कन्नडात भांडायची आणि त्याच दमात नवऱ्याला "स्वल्प थांबा की" म्हणायची. कुठल्याही बोलण्यावर पडदा टाकायचा झाला की तिचा एकच शब्द, "सरी." बरं, चालंल, असू दे, कळलं मला, सगळं त्यात यायचं.

नवी नवरी असताना, कारखान्याच्या क्वार्टरात राहायला आली त्याच साली, शालन मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर हळदीकुंकवाला गेली होती. तिथं मागल्या व्हरांड्यात तिनं पहिल्यांदा कपडे धुण्याचं यंत्र बघितलं. चार पायांवर उभं पांढरं पिंप, आत रवीसारखं काहीतरी घुसळतंय, आणि वर एकावर एक बसवलेली दोन रबरी लाटणी. साहेबाकडची आया ओली साडी त्या लाटण्यांच्या फटीत धरत होती, आणि पलीकडून साडी पोळीसारखी चपटी होऊन बाहेर पडत होती. शालन घरी आली ती हसतच.

"अहो, लुगडं लाटतंय की ते पिंप."

ही गोष्ट तिनं पुढं तीस वर्षं सांगितली. माहेरच्यांना सांगितली, शेजारणींना सांगितली, पोटच्या पोराला न्हाऊ घालताना सांगितली. आपल्या घरात तसलं काही असावं असं मात्र ती कधी म्हणाली नाही. परसातल्या धुण्याच्या दगडावर ती रोज सकाळी धुणं आपटायची. पहिला धप्प आवाज आला की राजलक्ष्मी, पलीकडच्या घरातली बाई, आपल्या गॅसवर कॉफीचं पाणी चढवायची.

कारखान्यानं वय झालेल्यांना लवकर घरी पाठवायची योजना काढली, त्यात बसवंतही घरी बसला. पंप, मोटारी, लोकांची किडूकमिडूक चालूच होती. तशात एकदा फ्रेझर टाउनातल्या एका बंगल्यात पाण्याचा पंप बघायला गेला. घरची म्हातारी ऑस्ट्रेलियाला लेकीकडं कायमची निघालेली, अर्धं सामान वाटून झालेलं. पंप गॅरेजात होता, आणि पंपामागं, फुटक्या कुंड्यांच्या आडोशाला, ते उभं होतं. चार पाय, पांढरं पिंप, वर दोन लाटणी. बनवणाऱ्याचं नाव कधीच खरवडून गेलेलं. म्हातारी म्हणाली, तुला हवं तर ने, नाहीतर उद्या भंगारवाला येणारच आहे.

टेम्पोतून ते उतरवलं तेव्हा शालन दारातच होती. जुन्या पोत्यात गुंडाळून दोरीनं बांधलेलं ते धूड बघून ती म्हणाली, "हे कुणाचं मढं उचलून आणलंसा?"

बसवंतनं पोतं सोडलं. शालन बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं वरच्या लाटण्यावरनं बोट फिरवलं. रबर दगडासारखं कडक झालेलं होतं, त्याचा तुकडा तिच्या बोटाला चिकटून आला. त्या रात्री जेवताना साहेबाच्या बंगल्याची गोष्ट तिनं परत एकदा पहिल्यापासून सांगितली, आणि बसवंतनं पहिल्यांदाच मधे मधे प्रश्न विचारले. लाटणी हातानं फिरवायची होती का मोटारीवर? कापड अडकलं तर सोडवायला दांडी कुठल्या बाजूला होती?

मशीन परसात गेलं आणि दोन वर्षं तिथंच राहिलं. मोटर जळालेली होती, तिची तार नव्यानं भरून आणली. गिअरच्या पेटीतलं तेल डांबरासारखं थिजलेलं, ते रॉकेलनं धुऊन काढण्यातच कितीतरी दिवस गेले. पिंपाच्या तळाचं एनॅमल उडून गंज धरला होता. रवी घुसळणाऱ्या गिअरचे दात झिजून बोथट झालेले. असला गिअर बाजारात मिळायचा सवालच नव्हता. शेजारच्या शेडातल्या हयवदननं, तो उडुपीकडचा, मोठा गप्पिष्ट माणूस, तसला गिअर लेथवर गनमेटलमध्ये पाडून दिला. पहिला घट्ट झाला, दुसरा ढिला. तिसऱ्या वेळी हयवदननं हात जोडले आणि म्हणाला, अण्णा, हा पण बसला नाही तर मी शेड विकून गावाला जातो. तो बसला. लाटण्यांसाठी बसवंत चिकपेटेत हिंडला, आणि छापखान्याचे रूळ रबरानं मढवून देणारा एक माणूस त्यानं शोधून काढला.

तोवर सगळं परसू सुट्या भागांनी भरलेलं. त्यातनं वाट काढत शालन बादली घेऊन दगडाकडं जायची. राजलक्ष्मी गच्चीवरनं विचारायची, अक्का, मशीन झालं काय? शालन खालूनच उत्तर द्यायची, "सवत आणून ठेवलीया ह्यांनी. त्यात ती बी आजारी. हिचं पथ्यपाणी होईपर्यंत माझी सुटका न्हाई."

त्यांचा एकुलता मुलगा अभिजीत जे. पी. नगरला राहायचा आणि कंपनीच्या गाडीनं रोज व्हाइटफील्डला कामाला जायचा. येईल तेव्हा तो म्हणायचा, आई, आता बटण दाबलं की सगळं आपोआप करणारी मशीन मिळते, उद्या घेऊन येतो. बसवंत ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. नको म्हणायची ती शालनच. पोरगं गेल्यावर ती उजव्या खांद्याला तेल चोळत बसायची. बसवंतला ते दिसत नव्हतं असं नाही. खांदा दुखतोय म्हणूनच तर मशीन झालं पाहिजे, असं त्याला वाटायचं, आणि तो परसात जाऊन परत कामाला लागायचा.

गणपती गेले आणि मशीन पुरं झालं. नव्या रंगात पिंप दह्याच्या कवडीसारखं दिसत होतं. शालन बाजारात गेलेली बघून बसवंतनं एकदा बटण दाबलं. मोटर घुमली, रवी इकडून तिकडं डुलली, लाटणी एकमेकींवर फिरली. दोन-चार श्वासांपुरतं चालवून त्यानं बंद केलं आणि वर जुनी चादर टाकली. शालनला त्यानं एवढंच सांगितलं की खंडेनवमीला पूजा करू आणि दसऱ्याला पहिलं धुणं. पूजा घरच्या लक्ष्मीनं करायची. शालननं पहिल्या धुण्यासाठी आपलं हिरवं इरकल बाजूला काढून ठेवलं. अभिजीतच्या बारशाचं लुगडं ते, तिनं मोजक्या वेळा नेसलेलं.

खंडेनवमीपर्यंत थांबण्यामागं बसवंतचं एक दुखणं होतं. कारखान्यात त्याच्या खात्यात नवं प्रेस बसवलं होतं, आणि ते पक्षपंधरवड्यातच, पूजेबिजेशिवाय सुरू केलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका माणसाची बोटं खाल्ली. तो माणूस बसवंतच्या शेजारी उभा राहून काम करायचा. तेव्हापासून त्या खात्यात कुणीही आयुधपूजेआधी नव्या यंत्राला हात लावला नाही, आणि आणखी कुणाचं बोट गेलंही नाही. आता ही दोन लाटणी. कापडाबरोबर बोटं आत ओढून घ्यायला त्यांना वेळ लागला नसता. त्यांच्यासमोर शालन उभी राहणार होती.

पक्ष लागला. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं काढायचं, वाकळा, चादरी, अभ्रे, पडदे, काही म्हणून मळकं ठेवायचं नाही, ही निपाणीकडची रीत. बंगळूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी शालननं ती एकदाही चुकवली नव्हती. त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. नळाला कावेरीचं पाणी होतं, हौद भरला होता. तिनं दगडाशेजारी वाकळांचा ढीग टाकला, त्याच्याशेजारी चादरींचा. मग ती मशीनजवळ जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "वाकळा ऱ्हाऊ देत. चादरी तेवढ्या घालूया काय ह्यात?"

बसवंत मागल्या दारात आला. "पक्षात? पूजा न्हाई, काय न्हाई, आणि पयलं धुणं मळक्या चादरींचं? तुझं इरकल घालायचं ठरलंय नव्हं? खंडेनवमी काय लांब हाय आता."

"माझा हात भरून आलाय सकाळधरनं."

"थोडं थोडं कर. अर्धं उद्याला ठेव." मग त्यानं आवाज खाली आणला. "लाटण्यात बोटं जात्यात, शालन. उगंच न्हवं सांगत मी."

शालननं आपले हात उलटसुलट करून बघितले. साबणानं चिरलेली, सुजऱ्या पेरांची बोटं.

"ह्या बोटांचं आता काय ऱ्हायलंय," ती म्हणाली, आणि हसली. "सरी."

ती दगडाकडं वळली. बसवंत पुढल्या ओट्यावर येऊन कुणाचातरी मिक्सर उघडून बसला. मागनं धप्प धप्प आवाज येत होता. मग आवाज थांबला. वाळत घालायला गेली असंल, असं त्याला वाटलं. हातातला स्क्रू अर्धाच आवळून झाला होता, तो त्यानं पुरा आवळला. मग दुसराही आवळला. राजलक्ष्मीनं गच्चीवरनं हाक मारली तेव्हा त्याला कळलं.

शालन दगडाला टेकून खाली बसल्यासारखी होती. नळ चालू होता. वाकळेचं एक टोक अजून तिच्या डाव्या हातात होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं की रक्तदाब किती वर्षांपासून होता. ते कुणालाच माहीत नव्हतं, शालनलाही नसणार. डॉक्टर म्हणाला, हे कुठंही झालं असतं, झोपेतसुद्धा. अभिजीतनं ते ऐकून बापाकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. शालनची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. गेली म्हणजे, एक शब्द तेवढा राहिला. पाणी पाहिजे का विचारलं तर सरी. कूस बदलू का, तर सरी. दुखतंय का, तरी सरीच. ती काहीतरी वेगळं सांगायचा जीव तोडून प्रयत्न करायची, ओठ जुळवायची, आणि तोंडातून बाहेर पडायचं ते तेवढंच. मग ती डोळे मिटून घ्यायची.

तिला घरी आणलं तेव्हा घट बसून गेले होते, शेजारच्या घरांतनं आरतीचे आवाज येत होते. बसवंतच्या घरात ना घट, ना माळ. शालनच्या अंथरुणातल्या चादरी रोज बदलाव्या लागायच्या, कधी दिवसातनं दोनदोनदा. बसवंत त्या घेऊन दगडावर जायचा. जन्मात कधी धुणं न धुतलेला माणूस, साबण किती लावायचा तेही त्याला कळायचं नाही. कण्हत, कुथत, गुडघ्यावर हात टेकत तो चादरी आपटायचा. चादर पांघरलेलं मशीन बाजूला उभं होतं, तिकडं तो बघायचा नाही. अभिजीत म्हणाला की हे भंगार आता हलवू या, मी नवी आणतो. बसवंतनं नळ आणखी मोठा सोडला.

खंडेनवमीच्या सकाळी राजलक्ष्मी झेंडूची माळ आणि फोडायला कोहळा घेऊन आली. सगळ्या गल्लीत स्कूटरींना हळदकुंकू लागलं होतं, हयवदनच्या शेडाला केळीचे खुंट बांधले होते. बसवंत म्हणाला, मला पूजा नको. राजलक्ष्मीनं माळ आणि कोहळा ओट्यावर ठेवला. मग तिनं आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं की अण्णा, तुम्हाला नको असंल, पण अक्काला विचारलं काय?

बसवंत आत गेला. शालन जागी होती. तिला काय विचारणार, आणि विचारून काय कळणार? तरी त्यानं विचारलं. शालननं तो शब्द उच्चारला नाही. तिनं डावा हात उचलला आणि मागल्या दाराकडं धरला.

वेताच्या खुर्चीत बसवून दोघांनी तिला परसात आणलं. बसवंतनं मशीनवरची चादर काढली. राजलक्ष्मीनं कुंकवाची कोयरी पुढं केली. शालनचा डावा हात कोयरीपर्यंत गेला आणि तिथनं मागं आला. परत गेला, परत मागं आला. डाव्या हातानं कुंकू ती लावणार नव्हती. मग बसवंत खाली बसला. तिचा उजवा हात त्यानं मांडीवरनं उचलला. ओल्या कापडासारखा जड होता तो. करंगळीशेजारचं बोट त्यानं सरळ केलं, कोयरीत बुडवलं, आणि पिंपाच्या पांढऱ्या अंगावर टेकवलं. बोट घसरलं. कुंकवाची तांबडी रेघ वाकडी होऊन खाली उतरली.

खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, दुसऱ्या दिवशी सुरुवात. उभ्या आयुष्यात बसवंतनं हे मोडलं नव्हतं. तो उठला, हौदातलं पाणी त्यानं पिंपात ओतलं, आणि आत जाऊन सकाळी शालनखालनं काढलेली चादर आणली. राजलक्ष्मीनं कोयरी बाजूला ठेवली. बसवंतनं चादर पिंपात टाकली आणि बटण दाबलं.

रवी डुलायला लागली. पाणी ढवळलं, फेस वर आला. चादर निघाल्यावर त्यानं ती स्वच्छ पाण्यातनं काढली, खुर्ची मशीनजवळ ओढली, आणि चादरीचं टोक शालनच्या डाव्या हातात दिलं. सोडवायच्या दांडीवर त्यानं आपला हात घट्ट धरून ठेवला. शालननं टोक लाटण्यांच्या फटीत सारलं. लाटण्यांनी ते धरलं. पलीकडून चादर चपटी होऊन यायला लागली, घडीवर घडी पडत.

शालनचा अर्धा चेहरा हसला. मग तिनं मान वळवून पलीकडच्या दगडाकडं बघितलं, बराच वेळ, आणि हसलेल्या त्याच बाजूच्या डोळ्यातनं पाणी वाहायला लागलं.

बसवंत खुर्चीशी बसला. "त्या दिवशीच लावायला पायजे होतं मी," तो म्हणाला. "तू म्हणालीस तवाच."

शालननं त्याच्याकडं बघितलं. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

"सरी," ती म्हणाली.

पुढल्या उन्हाळ्यापर्यंत शालन होती. तोवर मशीन रोज चाललं, आणि रोज त्यात तिच्या चादरीच पडल्या. इरकल पेटीतच राहिलं. सवाष्ण गेली म्हणून शेवटी तेच तिला नेसवलं, बायकांनी निऱ्या करताना म्हटलं की कोरं करकरीत आहे अजून. त्या उजव्या बोटाची वाकडी रेघ पिंपावर तशीच आहे. रंग उडेल म्हणून बसवंत तिथं ओलं फडकंसुद्धा लागू देत नाही.

अभिजीतनं जे. पी. नगरला चला म्हणून खूप आग्रह केला, बसवंत गेला नाही. भाद्रपदात पक्ष लागला तेव्हा दुखवट्याचं वर्ष होतं, घट बसवायचे नव्हते, तरी त्यानं घरातलं सगळं धुणं बाहेर काढलं. वाकळा दगडावर आपटल्या, चादरी मशीनमध्ये घातल्या. कुठला दिवस, कुठली तिथी, काही बघितलं नाही.

गल्लीतले लोक अजून ओट्यावर पंप आणि मिक्सर आणून ठेवतात. आता अण्णाचा हात पहिल्यासारखा राहिला नाही, असं ते म्हणतात. मागं मशीन चालू असतं, अण्णा पुढं काम करत बसलेला असतो, आणि मधेच करंट जातो. बंगळूरात तो कधी ना कधी जातोच. परसातला आवाज थांबतो. अण्णा हातातला स्क्रू अर्धाच सोडून उठतो, आणि चप्पल पायात न घालता मागं धावतो.